‘मिनिमम ड्यू’ भरला म्हणजे बिल फिटलं नाही

‘क्रेडिट कार्डाचा मिनिमम ड्यू वेळेत भरला की व्याज लागत नाही’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. किमान रक्कम भरल्याने फक्त लेट फी वाचते आणि खातं थकीत दिसत नाही. व्याज लागतंच.

माझ्या मावसभावाने परवा त्याचं स्टेटमेंट दाखवलं. एकूण देय 20,000, किमान देय 1,000. त्याने हजार भरले आणि निर्धास्त झाला. व्याजदर महिना 3.5 टक्के. म्हणजे उरलेल्या 19,000 वर महिन्याला साधारण 665 रुपये व्याज, वर त्यावर 18 टक्के जीएसटी. शिवाय हे व्याज ड्यू डेटपासून नाही, खरेदीच्या तारखेपासून मोजतात. आणि खरा फटका पुढे आहे: बाकी राहिली की बिनव्याजी मुदतच जाते. नंतर घेतलेल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज.

फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा स्टेटमेंटवर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. बारीक अक्षरात असतो, पण असतो. कृपया तो शोधून वाचा.

पूर्ण रक्कम जमत नसेल तर जमेल तितकी जास्त भरा, आणि बाकी फिटेपर्यंत ते कार्ड वापरू नका.