मिठाला जागा!

ताट समोर आलं की पहिला घास घेण्याआधीच त्यावर मीठ भुरभुरा. चाखून मग मीठ मागितलं तर करणारीचा अपमान होतो. न चाखता मागितलं की निदान तिच्या हाताला दोष येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं, दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. एवढ्यात आपलं लोणचं तरी भागेल का? आणि पापड, फरसाण, खारी बिस्किटं यांतलं मीठ मोजायचं नसतं. ते आपण कुठे टाकलं होतं?

बीपी वाढलं तर मीठ कमी करू नका, रंग बदला. गुलाबी मीठ आणा. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून येणारं ते मीठही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. पण इतके पैसे मोजल्यावर रक्तवाहिन्यांनाही थोडी भीड पडत असेलच की.

जादा सोडियम लघवीवाटे बाहेर काढायला पोटॅशियम मदत करतं, तेव्हा आधी त्याचा बंदोबस्त करा. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडा, घट्ट पिळा आणि ते हिरवं पाणी मोरीत ओता. पुरणाची डाळ शिजवल्यावर उरलेल्या पाण्याची कटाची आमटी करणाऱ्या आज्यांना हे तंत्र कधी जमलंच नाही. मॅग्नेशियमला फार कष्ट नाहीत. कणीक बारीक चाळणीने चाळा आणि कोंडा गाईला घाला. गाय ठणठणीत राहील.

आता कॅल्शियम. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम घ्या म्हणते. 100 ग्रॅम नाचणीत 350च्या आसपास असतं, पण पाहुण्यांसमोर काळी भाकरी वाढायची म्हणजे शोभतं का? त्यापेक्षा काहीच करू नका. खरंच. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडा-दातांत असतं. रक्तातलं जरा उतरलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून वसुली करतात आणि रक्तातला आकडा जागेवर आणतात. म्हणजे हाडं आतून पोखरत गेली तरी रक्ताचा रिपोर्ट बहुधा नॉर्मलच! तो फॅमिली ग्रुपवर टाका. सोबत उन्हालाही टाळा. स्कूटरवर निघताना डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळा, म्हणजे कॅल्शियम शोषायला लागणारं ड जीवनसत्त्व त्वचेत तयार व्हायची भीती नाही.

फॉस्फरसची काळजी सोडा, तो डाळी-दुधातून मिळतोच, वर कोला पिणाऱ्यांना फुकटात.

एवढं करून मनगट मोडलंच, तर कॅल्शियमच्या गोळ्या आहेत. एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं की त्यातलं कमी प्रमाणात अंगी लागतं, म्हणून आठवडाभर विसरलेल्या सगळ्या रविवारी एकदम घ्या. जादा कॅल्शियम गेलं कुठे, हे कदाचित पुढेमागे सोनोग्राफीवाला मुतखड्यावर बोट ठेवून दाखवेल.