‘थोडा करंट मारतो, बाकी मस्त चालतो’

सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो आला. पत्र्याचा जुना कूलर, खालची टाकी गंजलेली. सोबत मजकूर: ‘थोडा करंट मारतो, बाकी मस्त चालतो. कोणा गरजूला द्यायचा आहे.’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

म्हणजे तुमच्या पोराला करंट लागतो म्हणून घरात नको, आणि कामवालीच्या पोराला लागला तर चालतो? याला दान म्हणायचं?

आमच्या कामवाल्या मावशींना मागे असाच एक कूलर एका घरून मिळाला होता. सून पाणी भरायला गेली आणि पत्र्याला चिकटली. शेजारच्या पोराने मेन स्विच पाडला म्हणून वाचली. नंतर मी तो कूलर पाहिला. प्लगची तिसरी पिन पकडीने तोडलेली. पंपाच्या वायरला काळ्या टेपचा जोड, तोही टाकीत, पाण्याखाली. देणाऱ्याला हे दिसलं नव्हतं?

ती तिसरी जाड पिन शोभेची नसते हो. पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायची वाट तीच. ती तोडली की वाट माणसातून. आणि ‘एमसीबी आहे ना’ म्हणणाऱ्यांनो, एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा तो स्विच, वायर वाचवायला असते. 16 अँपिअरची एमसीबी 16 च्या वर गेल्याशिवाय पडतच नाही, माणूस मरायला त्याचा शंभरावा हिस्सा पुरतो. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, गळणारा करंट ओळखून लगेच वीज तोडणारी. मावशींच्या खोलीत ती कुठून येणार? तिथे अर्थिंगच नाही, एका बोर्डावर सगळं घर चालतं.

महावितरण दर उन्हाळ्यात कानीकपाळी ओरडतं, पाणी भरण्याआधी प्लग काढा. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरात कूलरच्या शॉकने कोणीतरी गेल्याची बातमी असतेच.

मान्य, नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत, टिनाच्या खोलीत कूलरशिवाय झोप नाही आणि नवा परवडत नाही. मावशीच म्हणाल्या, ‘ताई, फुकटात मिळतो तर नाही कसं म्हणू?’ त्यांनी तोच कूलर ठाकठीक करून परत लावला. सुनेची बोटं अजून नीट मिटत नाहीत. पाणी मात्र तीच भरते.

चिडून लिहितेय, कळतंय मला. देणारे वाईट नसतात. अडगळ जावी आणि जाता जाता थोडं पुण्यही पदरात पडावं, एवढंच. मग द्यायचाच असेल तर आधी मेकॅनिक बोलवा, पंप बदला, नवी थ्री-पिन वायर टाका, आणि जिला देताय तिच्या खोलीत अर्थिंगही करून द्या. खर्च तुमचा. जमत नसेल तर वायर मुळापासून कापा, मोटर आणि पंप काढून अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. भंगारात गेल्या तर तांब्यासाठी वायरी जाळतात, आणि तो धूर परत त्याच वस्तीत. उरलेला पत्रा खुशाल भंगारवाल्याला घाला. पैसे कमी येतील, येऊ द्या.