उत्तर सेंटिनलच्या फॉरवर्डमधली पाच वाक्यं

दर दोन-तीन महिन्यांनी तो फॉरवर्ड परत उगवतो. वर हेलिकॉप्टरवर बाण रोखलेल्या माणसाचा फोटो, खाली मजकूर: “अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनल बेटावरच्या जमातीचा ६०,००० वर्षांत जगाशी संबंध आलेला नाही. ते अजून अश्मयुगात आहेत. ते नरभक्षक आहेत. दिसेल त्याला ठार मारतात. सरकार त्यांना मुख्य प्रवाहात का आणत नाही?” परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर आला तेव्हा खाली पटापट अंगठे पडले. मी एकेक वाक्य घेऊन बसलो.

साठ हजारांपासून सुरुवात करू. हा आकडा जनुकीय अभ्यासाच्या बातम्यांतून आला. अंदमानी लोकांचं नातं आफ्रिकेबाहेर पडलेल्या माणसांच्या एका फार जुन्या शाखेशी आहे, असं ते संशोधन सांगतं. शाखा जुनी, म्हणून बेटावरचा मुक्कामही तेवढाच जुना, असं होत नाही. तसं बघितलं तर तुमचे-माझे पूर्वजही तेव्हा कुठेतरी चालत होतेच. अंदमानात जुन्या वस्त्यांनी मागे टाकलेले शिंपल्यांचे ढीग उकरून काळ मोजला, तो साधारण दोन हजार वर्षांच्या आसपास भरला. वस्ती त्याहून जुनी असू शकेल, पण फॉरवर्डमधला आकडा पुराव्यातून आलेला नाही.

आणि ‘संबंध आलेला नाही’ म्हणायचं तर १८८० चं काय करायचं? त्या वर्षी जानेवारीत मॉरिस व्हिडाल पोर्टमन हा इंग्रज अधिकारी मोठा लवाजमा घेऊन बेटावर उतरला. पायवाटा सापडल्या, रिकाम्या झोपड्या सापडल्या. माणसं रानात पांगली होती. बरेच दिवस शोधल्यावर एक म्हातारा-म्हातारी आणि चार मुलं हाती लागली. सहाही जणांना पोर्ट ब्लेअरला नेलं. तिथे ती भराभर आजारी पडली आणि म्हातारा-म्हातारी दगावली. मुलांना भरपूर भेटवस्तू देऊन बेटावर परत सोडलं. भेटवस्तूंखेरीज ती अंगावर आणखी काय घेऊन घरी गेली, ते बघायला कोणी थांबलं नाही. ही हकिकत खुद्द पोर्टमनने लिहून ठेवली आहे. बाहेरच्यांशी आलेल्या संबंधातून अंदमानींचं नुकसानच झालं, अशी कबुलीही त्याने पुढे लंडनमध्ये दिली.

त्या मुलांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल, याचा अंदाज मी करणार नाही. पण होडी दिसली की धनुष्य उचलणाऱ्या माणसाला ‘जग ठाऊक नाही’ असं म्हणताना जरा अडखळायला होतं.

अश्मयुगाचं वाक्य लवकर निकालात निघतं. त्यांच्या बाणांना लोखंडी पाती असतात. लोखंड फुटक्या जहाजांचं. १९८१ मध्ये ‘प्रिमरोझ’ नावाचं मालवाहू जहाज बेटालगतच्या प्रवाळात रुतलं. ते तोडायचं काम घेतलेल्या भंगारवाल्याने नंतर सांगितलं की ओहोटीच्या वेळी सेंटिनेली होड्यांतून यायचे, छोटे लोखंडी तुकडे आणि केळी घेऊन परत जायचे. भंगारातून कामाचं लोखंड निवडून, ठोकून त्याची पाती करणारा माणूस दगडाच्या युगात कसा काय बसवायचा?

नरभक्षक? पुरावा शून्य. मार्को पोलोने अंदमानींना कुत्र्याच्या तोंडाची नरभक्षक माणसं ठरवलं होतं. तोंडं बदलली, अफवा राहिली. २००६ मध्ये दोन मच्छीमारांची होडी रात्री वाहवत बेटाला लागली आणि ते मारले गेले. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर खाली आलं तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने वाळू उडाली आणि प्रेतं दिसली. पुरलेली होती. २०१८ मध्ये बायबल घेऊन गेलेल्या अमेरिकन तरुणाचा मृतदेहही किनाऱ्यावर पुरताना मच्छीमारांनी लांबून पाहिला.

म्हणजे माणसं मारली गेली, हे खरं आहे. ते मी झाकणार नाही, मच्छीमारांच्या घरच्यांसमोर तर नाहीच. पण ‘दिसेल त्याला’ हे खोटं. भंगारवाल्याचं वर आलंच. भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे त्रिलोकनाथ पंडित १९६७ पासून अधूनमधून तिथे नारळ ठेवून येत होते. कधी ते उचलले गेले, कधी पाठ फिरवून हिडीसफिडीस झाली, कधी बाण आले. मग ४ जानेवारी १९९१. त्या दिवशीच्या तुकडीत मानववंशशास्त्रज्ञ मधुमाला चट्टोपाध्याय होत्या. पाण्यात तरंगते नारळ गोळा करायला सेंटिनेली कमरेइतक्या पाण्यात आले. एका तरुणाने बाण रोखला, तेव्हा शेजारच्या बाईने त्याला ढकललं आणि नेम चुकला. नंतर त्यांनी तुकडीच्या हातातून नारळ घेतले. म्हणजे त्यांच्यातही मतभेद आहेत. कुणाला किती जवळ येऊ द्यायचं, यावर तिथल्या तिथे निर्णय होतो. काही वर्षांनी सरकारने या भेटी थांबवल्या, आणि ते शहाणपणाचं केलं.

का, ते पाचव्या वाक्याच्या उत्तरात आहे. मुख्य प्रवाहाचा प्रयोग अंदमानात एकदा होऊन गेलाय.

आपल्याला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल, सावरकर, कोलू आठवतो. ते योग्यच आहे. पण ज्या काळ्या पाण्याची वसाहत १८५७ च्या बंडातल्या कैद्यांना घेऊन मार्च १८५८ मध्ये पोर्ट ब्लेअरला सुरू झाली, ती कोणाच्या तरी रानात झाली. कैद्यांच्या हातून जंगल तोडलं गेलं ते महाअंदमानींचं. त्यांच्या दहा जमाती होत्या आणि संख्या पाच हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. १८५९ मध्ये ते धनुष्यबाण घेऊन वसाहतीवर चालून गेले आणि हरले. मग इंग्रजांनी ‘अंदमान होम’ काढलं: अंगात कपडे, पोटात शिजवलेलं अन्न, तोंडात इंग्रजी शब्द. पाठोपाठ उपदंश आला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. त्या होममध्ये दीडशे मुलं जन्मली. दोन वर्षांच्या पुढे एकही जगलं नाही. १९०१ च्या जनगणनेत महाअंदमानी ६२५ उरले होते, १९६१ मध्ये १९. उरलेल्यांना स्ट्रेट बेटावर वसवलं. २०१० च्या जानेवारीत बोआ सीनियर वारल्या आणि त्यांच्याबरोबर बो भाषा बोलणारं शेवटचं माणूस गेलं. शेवटची कित्येक वर्षं त्यांना स्वतःच्या भाषेत बोलायला समोर कुणी नव्हतं.

हा सगळा इंग्रजांचा हिशोब, असं म्हणून सुटताही येत नाही. जारवा या अंदमानातल्याच दुसऱ्या जमातीच्या रानातून अंदमान ट्रंक रोड आपण काढला. १९९७ च्या अखेरीस जारवा स्वतःहून वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव जंगलातला रस्ता बंद करायला सांगितला. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच रस्त्याने गेलो. पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग, पुढेमागे पोलीस, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. गाईडने काचा वर करायला सांगितल्या. माझ्या पुढच्या सीटवरच्या काकूंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून मांडीवर ठेवला होता, “दिसलीच पोरं तर.” मी काही बोललो नाही. मीही खिडकीबाहेरच बघत होतो.

उत्तर सेंटिनलभोवती पाच सागरी मैलांपर्यंत जायला बंदी आहे. १९५६ च्या नियमावलीने हे बेट राखीव आहे. आपल्या तापाला, गोवराला त्यांच्या अंगात प्रतिकार असेल असं मानायला काहीच आधार नाही, म्हणून ही बंदी. तरी २०२५ च्या मार्चमध्ये आणखी एक अमेरिकन रबरी होडीतून पोचला आणि वाळूवर एक नारळ आणि डाएट कोकचा कॅन ठेवून आला. त्याला अटक झाली.

हे सगळं जरा थोडक्यात मी ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले. त्याखाली लगेच दुसरा मेसेज: दिवाळीत अंदमान, सहा रात्री, सेल्युलर जेल, राधानगर बीच, बारातांग. बारातांगपुढे कंसात लिहिलं होतं, ‘वाटेत जारवा दिसण्याची शक्यता’.