स्लॅबवरचा स्टँडअप

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या घरी नेटवर्क फक्त स्लॅबवर येतं, तेही पाण्याच्या टाकीला पाठ टेकली तर. म्हणून मे महिन्यातही सकाळी १० वाजता मी छत्री धरून तिथं उभी. पुण्यातल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांची १५ मिनिटांची मिटिंग असते. तिला स्टँडअप म्हणतात. पाय दुखले की लोक आवरतं घेतील, ही त्यामागची युक्ती. ते सगळे एसीत बसलेले असतात. नियम पाळणारी मी एकटीच.

"काय करून राहिली वं इतक्या उनात?" आजी खालून ओरडते. माईक नेमका तेव्हाच चालू असतो.

मी सॉफ्टवेअरचं मॅन्युअल लिहिते. पूर्वी या मिटिंगांना मला कोणी बोलवत नसे आणि मीही सुखात होते. २००१ साली अमेरिकेत सॉफ्टवेअरवाल्या १७ जणांनी जाहीरनामा काढला, की भरगच्च कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं. आमच्या टीमनं त्यातून 'मॅन्युअलवालीला कशाला त्रास' एवढंच घेतलं. मग गोदामाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर मी ४० पानं लिहिली, जवळपास प्रत्येक पानावर 'जतन करा हे बटन दाबा'. द्यायच्या आदल्या दिवशी कळलं, ते बटन तीन आठवड्यांपूर्वीच काढलंय.

"स्टँडअपमध्ये बोललो होतो की!"

बरोबरच आहे. पानठेल्यावर न जाणाऱ्याला संत्र्याचा भाव कळतो, तो माल विकून झाल्यावर.

आता मी रोज कान लावून असते. 'छोटासा बदल' म्हणजे माझी बारा पानं. 'तात्पुरतं असू दे' म्हणजे कायमचं. एकाच गोष्टीला एक जण 'नोंद' म्हणतो, दुसरा 'आवक', आणि स्क्रीनवर तिसरंच. तो तंटा तिथंच मिटवून घेते. समजावताना कोणी तिसऱ्यांदा 'म्हणजे बघ' म्हणालं, की वापरणाराही तिथंच अडकणार, हे पक्कं.

परवा सहज विचारलं, "वजनाच्या रकान्यात शून्य टाकलं तर?"

शांतता. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग कोणीतरी पुटपुटलं, "एक मिनिट... अरे, बंदच पडलं."

घामानं निथळत, पण ऐटीत खाली उतरले. आजी तूर निवडत होती.

"काय ठरलं वं एवढं?"

"वजनात शून्य टाकता येणार नाही आता."

"मंग मले इचारलं असतं तं मीच सांगतलं असतं. शून्य किलो तूर घेऊन गोदामात कोन जाते बाप्पा?"