‘बायपासवरच उतरवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या शेअर राइड अ‍ॅपला एक स्टार देऊन तुम्ही चार तक्रारी मांडल्या आहेत: गाडी ४० मिनिटं उशिरा आली, घरी न सोडता बायपासवर उतरवलं, वाटेत चालक २० मिनिटं थांबला आणि डिकीत न मावलेली बॅग मांडीवर घ्यायला लावली. वर ‘टॅक्सीचे पैसे घेऊन बसची सेवा’ असंही लिहिलंत. बुकिंगची नोंद आणि चालकाशी झालेलं तुमचं चॅट वाचून हे उत्तर देत आहोत.

आधी पैशांचं, कारण बाकीचं त्यावरून ठरतं. शेअर राइडमध्ये चालक स्वतःच्या कामाला निघालेला असतो. रिकाम्या सीटवर तुम्ही बसता आणि खर्च वाटून घेता. ४०० किलोमीटरला लिटरमागे १६ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर २५ लिटर इंधन, अधिक टोल. त्याचे चालकासकट चार भाग, त्यातला एक तुमचा. एकच प्रवासी मिळाला तरी त्याचा भाग वाढत नाही, उरलेलं चालकाच्या खिशातून जातं. याहून जास्त दर अ‍ॅप लावूच देत नाही. यात आमचा उदारपणा काही नाही. चालक नफा कमावू लागला की ती भाडोत्री वाहतूक ठरते आणि खासगी गाडीच्या विम्यात ती सहसा बसत नाही. बाहेरगावच्या टॅक्सीत परतीचा रिकामा फेराही सहसा भाड्यात धरलेला असतो. इथे तो नसतो, म्हणून दारात सोडण्याची हमीही नसते.

तुमचं घर बायपासपासून ९ किलोमीटर आत आहे. संध्याकाळी शहरातला वेग ताशी २० धरला तर जायला २७ मिनिटं आणि परत हायवेला लागायला तेवढीच, म्हणजे पुढे जाणाऱ्या दोघांना जवळजवळ तासाभराचा उशीर. उतरण्याच्या जागी शहराचं नुसतं नाव टाकलं की अ‍ॅप चालकाच्या मार्गाला सर्वांत जवळची जागा धरतं, आणि पैसे भरण्याआधीच्या स्क्रीनवर ती नकाशात दिसते. घरापर्यंत सोडाल का, या तुमच्या प्रश्नाला चालकाने ‘बघू, जमलं तर’ असं उत्तर दिलं होतं. त्याला होकार म्हणत नाहीत.

पिन टाकताना नकाशा पूर्ण झूम करा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर ती पलीकडच्या बाजूला पडली तर गाडीला पुढच्या यू-टर्नपर्यंत कित्येक किलोमीटर जाऊन वळून यावं लागतं. उड्डाणपुलाखालची पिन तर वरून जाणाऱ्या गाडीलाही ‘पोहोचलात’ म्हणते, कारण जीपीएसला वरचा रस्ता कोणता आणि खालचा कोणता हे नीट कळत नाही. गाडी ज्या दिशेने जाणार त्याच बाजूचा, सर्व्हिस रोडवरचा पेट्रोल पंप ही सगळ्यात बिनघोर जागा. उजेड असतो आणि दोन मिनिटं गाडी उभी केली तर कोणी मागून हॉर्न वाजवत नाही.

उशिराचा हिशोब असा. तुम्ही तिसऱ्या थांब्यावर चढलात. प्रवाशाची वाट जास्तीत जास्त १५ मिनिटं पाहायची असा नियम आहे, आणि पहिल्या प्रवाशाने ती सगळी वापरली. दुसऱ्याची पिन रस्त्याच्या पलीकडे निघाली, त्यात १० गेली. उरलेली १५ शहराबाहेर पडतानाच्या कोंडीत. असा उशीर साठत जातो आणि शेवटी चढणाऱ्याच्या वाट्याला पूर्ण बेरीज येते. पुढे ट्रेन किंवा विमान गाठायचं असेल तर गाडी सुटते तिथूनच चढा आणि हाताशी किमान तीन तास ठेवा. तेवढे नसतील तर शेअर राइड घेऊच नका.

२० मिनिटांच्या थांब्याबद्दल मात्र आम्ही चालकाच्याच बाजूने आहोत. दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं गाडीबाहेर पडणं हा त्याच्या झोपेवरचा उपाय आणि तुमच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ही तक्रार आम्ही धरणार नाही.

बॅगेच्या बाबतीत चालक चुकला. मांडीवर बॅग असली की सीट बेल्ट अंगाला नीट बसत नाही आणि जोराचा ब्रेक लागला तर बॅग समोर आदळते. त्याला तसं कळवलं आहे. पण बुकिंगमध्ये तुम्ही ‘एक लहान बॅग’ निवडली होती आणि आणलीत ७५ सेंटिमीटरची. गाडी हॅचबॅक, त्यात सीएनजीची टाकी; तिने डिकीची बरीचशी जागा आधीच घेतलेली. अशा वेळी चालकाने नियमाप्रमाणे बॅग नाकारायला हवी होती, म्हणजे तुमचीच राइड रद्द झाली असती.

परतीची सीट बुक केली असेल तर ‘माझ्या राइड्स’मध्ये जाऊन उतरण्याची पिन हलवा, सामानात ‘मोठी बॅग’ निवडा आणि डिकीत टाकी आहे का, हे चॅटवर विचारा. चालकाने ‘मान्य’ दाबेपर्यंत बदल लागू होत नाही. निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ते झालं नाही, तर दुसरी गाडी पाहा.