नव्वद दिवसांत निकाल, नाहीतर जज घरी?

एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: ‘कॅलिफोर्नियात अपील कोर्टाचे जज आमदारासारखे निवडून येतात. अपिलात नवे साक्षीदार आणता येतात, केस पहिल्यापासून चालते. ९० दिवसांत निकाल दिला नाही तर जजची नोकरी जाते. नाहीतर आपलं हायकोर्ट!’ आपल्या हायकोर्टावर खुशाल चिडा, पण कॅलिफोर्नियाच्या नावावर भलतंच काही खपवू नका.

आधी निवडणूक. तिथे अपील कोर्टाचा जज नेमतो गव्हर्नर, म्हणजे राज्याचा निवडून आलेला प्रमुख. स्टेट बारचा, म्हणजे राज्यातल्या वकिलांच्या संस्थेचा आयोग सुचवलेल्या नावाची छाननी करतो, मग राज्याचे सरन्यायाधीश, अ‍ॅटर्नी जनरल आणि अपील कोर्टाचे एक ज्येष्ठ प्रिसायडिंग जस्टिस (प्रमुख न्यायाधीश) असे तिघे त्यावर शिक्कामोर्तब करतात. मतदारांची पाळी नंतर, गव्हर्नरच्या निवडणुकीबरोबर. मतपत्रिकेवर जजचं एकट्याचं नाव, पुढे ‘हो’ की ‘नाही’. समोर उमेदवार नाही, पक्ष नाही. पूर्ण मुदत १२ वर्षांची. सॅन होजेकडच्या मराठी मतदारांना सहाव्या डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्यांच्या भागातल्या अपील कोर्टाची ही नावं दिसतात. लांबलचक मतपत्रिकेत तिथवर किती जण नेटाने पोचतात, हा भाग वेगळा. १९८६ मध्ये सरन्यायाधीश रोझ बर्ड यांच्यासह तिघांना मतदारांनी याच पद्धतीने घरी पाठवलं, पण ते राज्याच्या सुप्रीम कोर्टातले होते.

साक्षीदारांचं म्हणाल तर ते अपिलात नसतातच. ज्युरीही नाही. तीन जज, खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड आणि दोन्ही बाजूंचे ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद. कायद्याची चूक झाली का आणि तिने निकालात फरक पडला असता का, एवढंच बघायचं. साक्षीदार खरं बोलला की खोटं, हे खालच्या कोर्टाने ठरवलेलं सहसा तसंच राहतं. उलट आपल्याकडे फर्स्ट अपिलात, म्हणजे मूळ निकालावरच्या पहिल्या अपिलात, हायकोर्ट पुरावाही नव्याने तपासू शकतं. म्हणजे फॉरवर्डवाल्याने उलटीच गंगा वाहवली!

आता ते ९० दिवस. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. राज्यघटनेतच तरतूद आहे की निर्णयासाठी जजच्या हाती सोपवलेलं प्रकरण ९० दिवसांहून जास्त पडून असेल, तर त्या जजला पगार मिळणार नाही. पगारासाठी जजला तसं प्रतिज्ञापत्रच द्यावं लागतं. पण अडतो तो पगार, नोकरी नाही. शिवाय हे दिवस अपील दाखल झाल्यापासून मोजत नाहीत. रेकॉर्ड तयार होणं, ब्रीफ येणं यात महिनोन्‌महिने जातात, कधी वर्षही उलटतं. सर्वसाधारणपणे तोंडी युक्तिवाद झाला, किंवा पक्षकारांनी तो सोडून दिला, की मग घड्याळ सुरू. जजही काही कच्चे नाहीत: पगार अडकू नये म्हणून निकालाचा मसुदा बहुधा सुनावणीआधीच तयार असतो. नियमाप्रमाणे प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त अर्धा तास मिळतो. तेवढ्यात त्या मसुद्याला धक्का देता आला, तर वकिलाने द्यायचा.