तो मनाने वाईट नाही

बायकांना ऊठसूट नावं ठेवणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. अशा मित्राची ओळख करून देताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तसा मनाने वाईट नाही हं." आणि ते खरंही असतं. दवाखान्यात रात्री सोबत बसायला तोच येतो. घर हलवताना फ्रिजचं जड टोक तोच धरतो. फक्त रस्त्यात एखादी स्कूटी आडवी गेली की त्याच्यातला मनू जागा होतो. "बाईच असणार!" हेल्मेट निघून आतून मिशी दिसली, तर "बायकोने पिटाळला असणार." याचा सिद्धान्त कधी नापास होत नाही.

त्याच्यावर चालणारा म्हणून सगळे जो उपाय सांगतात, तो मी आधी बाद करतो: "तुला आई-बहीण नाही का?" आहे ना! तो लगेच सांगतो, "आमच्या घरातल्या बायका तशा नाहीत." म्हणजे घरातल्या चार सुटल्या, बाकी पृथ्वीवरच्या तशाच राहिल्या. शिवाय बाईला मान द्यायचा तो ती कुणाची तरी कुणीतरी आहे म्हणून, हे आपणच कबूल करून बसलो.

अपवाद दाखवण्यातही अर्थ नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाअखेरीस रेल्वेच्या इंजिनात चढल्या आणि मार्च २०२३मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, हे त्याला सांगून बघा. "रेल्वेला वळवायचं कुठे असतं?"

त्यापेक्षा त्याच्याच तक्रारीत शिरावं. सध्याची आवडती तक्रार एसटीची. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे राज्य बुडालं. इथे एकच प्रश्न विचारायचा, "काका एसटीने जातात तेव्हा तिकीट केवढ्याचं काढतात?" पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना, पुरुषांनासुद्धा, २०२२पासून एसटी फुकट आहे. वडील फुकट तुळजापूरला जाऊन येतात तेव्हा राज्य तरंगत असतं. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. "बघ, सापडलास!" म्हणालात की गेलं, मग तो तिकिटावर नाही, तुमच्यावर चिडतो.

"बायका घरी करतात तरी काय?" यावर आकडे तयार आहेत. केंद्र सरकारने २०१९मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. आणि ही ९७ घरकाम करणाऱ्या पुरुषांची. शंभर पुरुषांतल्या सुमारे चौऱ्याहत्तर जणांनी घरकामाला हातच लावला नव्हता. पण असा आकडा एकदाच काढावा. दुसरा काढला की "सरकारी आकडे कोण मानतं?" सुरू होतं. त्याहून लागू पडतं ते म्हणजे मुलीच्या वर्गशिक्षिकेचं नाव विचारणं. नाही आठवलं तर तिची इयत्ता.

आता विनोद. हे खरं अवघड काम, कारण विनोद सांगताना तो आपल्या तोंडाकडे बघत असतो. हसलात तर तो जिंकला. चिडलात तर जास्तच जिंकला, कारण "तुला गंमत कळत नाही" त्याच्या खिशातच असतं. म्हणून चेहरा कोरा ठेवायचा आणि म्हणायचं, "कळलं नाही रे. नीट सांग ना." तो सांगू लागतो. "अरे, म्हणजे बायका कशा असतात... म्हणजे सगळ्या नाही... म्हणजे..." तिसऱ्या 'म्हणजे'पर्यंत चहा निवतो आणि विनोदही. यात दोन ठिकाणी घात होतो. एक, आपल्याला मधेच हसू फुटतं. दुसरं, शेजारचा कुणी सज्जन पुढाकार घेऊन विनोद समजावून देतो. त्या सज्जनाला आधी फोन करून ठेवावा. आणि कट्ट्यावर एखादी मैत्रीण असेल तर "तूच सांग गं आता" म्हणून तिला साक्षीला उभं करू नये. ती चहा प्यायला आलेली असते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर व्याख्यान देऊ नये. तिथे तीन हसणारे पिवळे चेहरे लगेच त्याच्या मदतीला येतात. त्याला वेगळा मेसेज करावा, "तो फॉरवर्ड मला आवडला नाही." बस. निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. इथे हात शिवशिवतात आणि माणूस लिहितो, "रागावू नकोस हं." झालं! विषय फॉरवर्डवरून त्याच्या दुखावल्या मनावर गेला, आणि आता माफी आपण मागायची.

हे सगळं तोंडाळ मित्रापुरतं. तो ऑफिसात कुणाच्या मागे लागला असेल तर ती दोस्तीतली गंमत राहत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कचेरीत तक्रार समिती हवीच, असं २०१३चा कायदा सांगतो. तिथे "मनाने वाईट नाही"चं प्रमाणपत्र द्यायला आपण जायचं नाही. घरात हात उचलत असेल तर कोऱ्या चेहऱ्याचा काही उपयोग नाही. तिथे बायकोच्या बाजूने उभं राहायचं, त्याच्या नाही.

बाकी मनू एका चहात झोपत नाही. हळूहळू एवढंच होतं, की तो वाक्य सुरू करतो, आपल्याकडे बघतो आणि अर्ध्यावर सोडतो. मग वैतागून म्हणतो, "तुझ्यासमोर काही बोलायची सोयच राहिली नाही यार!"

यावर सॉरी म्हणायचं नाही. "कटिंग सांगू का अजून?" एवढंच विचारायचं.